रिव्हॉल्व्हरला बत्ती

दस्तगीर शिकलगारानं बोटाएवढी एक नळकांडी उचलली, तिचं बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर तांबडा ठिपका पडला. भिंतीवर वाघाचं जुनं चित्र होतं. दस्तगीरनं ठिपका हळूहळू सरकवत वाघाच्या बरोबर कपाळावर आणून थांबवला.

"हे लेसर, तात्या. जिथं ठिपका, तिथं गोळी. नेम धरायची भानगडच न्हाई."

ह्यांनी मान हलवली. मी खुर्चीतनं म्हटलं, "आणि ही टिकली लावून घ्यायला चोर कपाळ पुढं करून उभा राहतो व्हय?"

वनिता, माझी सून, पदर तोंडाला लावून हसायला लागली. दस्तगीरही हसला. सांगलीतलं त्याचं बंदुकांचं दुकान बापजाद्यांचं. माणूस गोड जिभेचा, गिऱ्हाईक चहा पिईस्तोवर त्याला काहीतरी खपवणारच असा.

"मावशी, तात्या इतकी वर्षं येतात, तुम्ही आज पहिल्यांदा आला."

"म्हणून तर इतकी वर्षं तुझं दुकान चाललं."

"हिला नको आणायला म्हटलं होतं मी," हे म्हणाले. "बायकामाणसाचं काय काम हितं?"

"घर राखायला वस्तू घेताय न्हवं? मग घर कुणी राखलं आजवर, ते सांगा ह्याला."

ह्यांनी पिशवीतनं रिव्हॉल्व्हर काढून काचेवर ठेवलं.

गलाईवाल्याचं घर आमचं. सोनाराकडचं मोडीतलं सोनं, दुकानातला झाडलोटीचा कचरासुद्धा मुशीत वितळवून त्यातलं निखळ सोनं काढायचं, ती गलाई. आमच्या विट्याकडच्या गावांतनं घरटी एक माणूस ह्या धंद्यापायी परमुलखात. हे उभी हयात कुंभकोणमला भट्टीपुढं बसले आणि मी येरळेकाठच्या गावात सासू-सासरे, जनावरं आणि दोन लेकरं सांभाळली. आता हे घरी आलेले आणि भट्टीपुढं धाकटा धनाजी. त्याची बायको वनिता माझ्याच भावाची लेक, म्हणून मला आत्या म्हणते आणि ह्यांना मामा.

गलाईवाल्यांची एक रीत असते. तो घरी कधी येणार ते कुणाला सांगत नाही. बायकोलासुद्धा नाही. जवळ माल असतो, आणि बोललेला शब्द चार कानांवर गेला की वाटेत कुणीतरी गाठतं. म्हणून दक्षिणेची गाडी पहाटे फाट्यावर सोडते, तिथनं माणूस पायवाटेनं चालत येतो, गोठ्याच्या अंगानं मागच्या दाराशी जातो, कडी कशी काढायची त्याला ठाऊक असते. दिवा लावायचा नाही, हाक मारायची नाही, चपला हातात. परका बघेल तर म्हणेल चोर शिरला. ह्यांनी असंच यावं आणि मी अंधारातच म्हणावं, "भाकरी झाकून ठेवलीय." सगळी वर्षं अशीच गेली.

त्या साली दिवाळीनंतर शेजारच्या गावात दरोडा पडला. आमचं घर गावाबाहेर माळावर, नवं बांधलेलं, लांबनं दिसणारं. ह्यांनी कपाटातलं रिव्हॉल्व्हर काढलं, पुसलं, भरलं आणि उशाखाली ठेवलं. लायसन होतंच, कमरेला लावून हिंडायचे पूर्वी. पण आता ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. आम्ही देवदर्शनाचं निमित्त करून मिरजेला डॉक्टरकडं जाऊन आलो होतो, ते आम्हा दोघांनाच माहीत. डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती टिकवा, आणि डोळ्यांत घालायचे थेंब दिले. हे म्हणाले, घरात कुणाला बोलायचं नाही. मी बोलले नाही.

तर उशाखाली भरलेलं रिव्हॉल्व्हर, ते चालवणाऱ्याला चार हातांवरचं तोंड ओळखू येत नाही, आणि धनाजी कोणत्याही पहाटे चोरपावलानं येणार. दरोडेखोरांची मला कसली भीती. ह्याची होती.

हे एक दिवस म्हणाले, "सांगलीला जातो. रिव्हॉल्व्हरला बत्ती बसवून आणतो." वनिता गाडी चालवायला शिकली होती, ती घेऊन जाणार होती. मी चपला घातल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

दस्तगीरनं लेसर बाजूला ठेवलं. ह्यांचं रिव्हॉल्व्हर उघडून त्यानं आधी आम्हाला सहाही घरं रिकामी दाखवली. हे त्याचं मला आवडलं. मग त्याच्या नळीच्या टोकावरच्या बारक्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाला, "ही माशी. मागं ही खाच. खाचेत माशी बसली की नेम बसला. जुन्या मालात माशी काळी. अंधारात काळ्यावर काळं कुणाला दिसणार? तरण्यालाबी दिसत न्हाई, तात्या."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्याला मनातल्या मनात दुवा दिला.

"आता ही बघा." त्यानं काचेखालनं दुसरी माशी काढली, टोकाला हिरवा ठिपका असलेली, आणि ओंजळीत धरून ह्यांच्या डोळ्यांपुढं नेली. "आपोआप चमकते. बॅटरी न्हाई, काही न्हाई. काजवा समजा."

वनितानंही वाकून ओंजळीत बघितलं. "खरंच की, आत्या, काजवाच."

"दिसतोय?" दस्तगीरनं ह्यांना विचारलं.

"दिसतोय की."

दस्तगीरनं ओंजळ जरा उजवीकडं नेली होती. हे मघाच्याच जागी बघत होते. ओंजळ मिटून त्यानं माशी काचेवर ठेवून दिली आणि माझ्याकडं बघितलं नाही. दुकानदार असून त्यानं तेवढं केलं.

"तुमच्यासाठी काजवा नको," तो म्हणाला. "नेम धरत बसायचं वय न्हाई आपलं. उजेडच पाहिजे."

"मी मघापास्नं तेच सांगतोय," हे म्हणाले. "मला उजेड पाहिजे. झगझगीत."

"पण तुमच्या ह्या रिव्हॉल्व्हरला बत्ती बसत न्हाई. तिला खाली पट्टी लागते. हे घ्या." त्यानं एक नवं काळं पिस्तूल काढलं, तेही उघडून रिकामं दाखवलं, आणि नळीखाली आगपेटीएवढी बत्ती खट्कन सरकवली. "कमरेला लावून हिंडायचं तर जरा फुगीर होईल, सदऱ्यावरनं दिसेल. घरात ठेवायला मात्र ह्यासारखी वस्तू न्हाई. एका हातात दोन्ही कामं."

"म्हणजे दुसरा हात मोकळा," वनिता म्हणाली.

"मोकळा, म्हणजे फोन करायला, दार उघडायला."

"धोतर सावरायला," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. एरवी माझ्या टोमण्याला निदान भुवई तरी उचलायचे. त्यांनी पिस्तूल दोन्ही हातांत घेतलं आणि अंगठ्यानं बत्तीचं बटण चाचपायला लागले. नवी पाटी मिळालेल्या पोरागत चाचपत होते. एवढी हौस कशाची, ते मला कळेना.

"कसं दिसतं ते बघायला अंधार लागंल," ते म्हणाले.

"करू की अंधार." दस्तगीरनं दिवे घालवले, आणि दाराचं शटर गुडघ्याएवढं राहील इतकं खाली ओढलं. वनिता तेवढ्यात मला रसवंतीतनं रस आणते म्हणून बाहेर गेली होती. "आता तिकडं, मागच्या भिंतीवर वाघ हाय. त्याच्यावर रोखा आणि दाबा. चाप सोडून बोट बाहेर ठेवा, तात्या, रिकामं असलं तरी. ती सवय."

ह्यांनी बटण दाबलं. अख्खी भिंत उजळली. वाघाच्या मिशा मोजाव्यात इतका उजेड. मला वाटलं, ह्यांच्या तोंडावरही काहीतरी उजळलं.

"दिसतंय," ते म्हणाले. ह्या खेपेला खरं बोलत होते. "हौसा, मला मिशा दिसतायत."

"कोण आलंय ते कळायला नको का," दस्तगीर म्हणाला. "खुडबूड झाली, रोखायचं, दाबायचं, कोण ते बघायचं. चोर असला तर ह्या उजेडानंच आंधळा होतोय."

"थांब जरा," मी म्हटलं. "कोण आलंय ते बघायला आधी त्याच्यावर नळी रोखायची?"

"बत्ती नळीखालीच हाय न्हवं, मावशी. जिकडं नळी, तिकडं उजेड."

"म्हणजे बघायचं मागनं."

"अहो, पण तसल्या वेळी चोराशिवाय कोण येतंय घरात?"

मी उत्तर द्यायच्या आत शटरखालनं आवाज आला. वनिता हातात दोन ग्लास सांभाळत वाकून आत शिरत होती. उजेडातनं एकदम अंधारात आलेली, अंदाजानं पाऊल टाकणारी. हे आवाजाच्या दिशेनं वळले, आणि वळताना हात बरोबर आले.

उजेड तिच्या तोंडावर पडला. डोळे मिटलेले, दोन्ही हातांत रस, डोळ्यांवर आडवा धरायला एक हातही मोकळा नाही.

"मामा, मी हाय की," ती हसत म्हणाली. "डोळं दिपलं माझं."

"तात्या, नळी खाली," दस्तगीर म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, पण गोडवा पार गेला होता.

हे तसेच उभे. उजेड तिच्या कपाळावर, नाकावर, मंगळसूत्रावर. मी उठले, ह्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि खाली दाबला. उजेड फरशीवर आला. दस्तगीरनं पिस्तूल त्यांच्या हातातनं काढून घेतलं आणि दिवे लावले.

"आत्या, रस. आलं-लिंबू घालून आणलाय," वनिता म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं.

"मामांना बी आण जा एक," मी म्हटलं. "आणि बर्फ नको म्हणावं. सावकाश ये."

ती गेली. दस्तगीरला कुठूनसं आत काम निघालं. हे स्टुलावर बसले. रुमाल काढून हाताचे तळवे पुसत राहिले.

"बत्ती चांगली हाय," ते म्हणाले. "वनिताच हाय ते लगेच दिसलं मला."

"व्हय."

"दिसलं, पण नळी आधीच तिच्यावर होती."

मी खुर्ची त्यांच्या स्टुलाजवळ ओढून बसले.

"त्या दिवशी तू बोलली नसतीस तर," ते म्हणाले.

आम्ही त्या दिवसाबद्दल एकमेकांशी एक अक्षर काढलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांनी ते मनातनं पुसून टाकलं. दरोड्याच्या बातमीनंतरची ती पहाट. मागच्या दाराची कडी निघाली तेव्हा मी जागीच होते. पायवाटेवर पाऊल वाजलं तेव्हाच मला कळलं होतं धना आलाय. तो डावा पाय जरा ओढून टाकतो, लहानपणी चिंचेवरनं पडल्यापासून. मी उठून बसणार तेवढ्यात ह्यांच्या खाटेवर हालचाल झाली. खिडकीतनं आलेल्या फिकट उजेडात मला त्यांचा लांब केलेला हात दिसला आणि हाताच्या टोकाला ते. दारात धना उभा, चपला हातात. मी ओरडले असते तर दचकून चाप ओढला गेला असता. म्हणून रोज बोलते त्याच आवाजात म्हणाले, "धना, हातपाय धू. चुलीवर पाणी हाय." धना म्हणाला, "व्हय, आई." ह्यांचा हात हळूहळू खाली आला. धना न्हाणीघरात गेला. त्याला आजतागायत ठाऊक नाही. वनिता आतल्या खोलीत झोपलेली.

"बोलले न्हवं मी," मी म्हटलं. "झालं तर मग."

"तुला कसं कळलं तो हाय म्हणून? मला तर नुसता काळा माणूस दिसला."

"मी कुठं बघितलं त्याला. पाऊल ऐकलं."

"पाऊल."

"तुम्ही यायचा तेव्हा आधी टाच टेकवायचा. आणि गोठ्याशी आलं की एक खाकरा, आतल्या आत. दरसाल. मला वाटायचं, ह्यास्नी वाटतंय कुणाला ऐकू गेलं न्हाई."

हे माझ्याकडं बघत राहिले. किती दिसत होतं देव जाणे.

"मला येत न्हाई ते," ते म्हणाले.

"कुठनं येईल? तुम्ही कायम येणारे. वाट बघायची पाळी कधी आली तुमच्यावर?"

"मला वाटलं, बत्ती घेतली की भागंल. म्हणून आलो हितं. दरोडेखोर गेले खड्ड्यात, हौसा. मी पोराला ओळखावं म्हणून बत्ती घ्यायला आलो."

मी त्यांच्या रुमालाची घडी केली आणि त्यांच्या खिशात ठेवली. तेवढंच करण्यासारखं होतं तिथं. मीही त्याच धास्तीनं गाडीत बसले होते, आणि वाटभर आम्ही दोघं उसाच्या भावाबद्दल बोलत आलो होतो.

दस्तगीर बाहेर आला. ह्यांनी आपलं जुनं रिव्हॉल्व्हर त्याच्यापुढं सरकवलं. "हे तुझ्याकडं जमा करून घे. कायद्यानं करता येतं न्हवं?"

"येतं. तात्या, पण..."

"जमा करून घे."

तो "बरं" म्हणाला आणि पावतीपुस्तक शोधायला लागला. तोवर वनिता तिसरा ग्लास घेऊन आली. "हे काय, मामा? ठेवून चालला? बत्ती बसवायची होती न्हवं?"

ह्यांनी तिच्या हातातला ग्लास घेतला. मी उठले. "बसवतोय कसला. एवढं काचेचं दुकान थाटलंय, आणि एक वस्तू धड न्हाई ह्याच्याकडं. टिकल्या काय, काजवे काय. जत्रेतलं दुकान बरं ह्याच्यापरास. राहू दे हितंच, बघंल सवडीनं."

दस्तगीरनं मान खाली घालून पावती लिहिली. "व्हय, मावशी," तो म्हणाला. "माल जरा हलकाच हाय माझा." त्याच्या बापजाद्यांनी असं कधी कबूल केलं नसेल.

आम्ही परत निघालो. तासगाव मागं पडलं, दोन्ही अंगांना द्राक्षाचे मळे. हे पुढं बसले होते. एकाएकी म्हणाले, "वनिता, धनाला फोन लाव."

"आत्ता? भट्टीवर असतील."

"लाव."

तिनं गाडी एका लिंबाखाली घेतली, फोन लावून ह्यांच्या हातात दिला. भट्टीचा भाता, मागं तमिळ बोलणारी माणसं, सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"धना, ऐक. इथनं पुढं घरी येताना मागच्या दारानं यायचं न्हाई."

"काय झालं, तात्या?"

"पुढच्या फाटकाशी यायचं. आणि हाक मारायची."

"हाक?" धनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तात्या, गाव उठंल की."

"उठू दे."

"तुम्हीच सांगायचा, गलाईवाल्यानं आपल्या सावलीला बी सांगू नये म्हणून. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा फाट्यावर सांगितलं होतं तुम्ही."

"सांगितलं होतं."

"मग?"

मी पुढं वाकले. माझ्या जिभेवर आलं होतं, सांगा, आईला झोप लागत न्हाई म्हणून, घाला माझ्यावर. मी घेतलं असतं. पण त्यांनी मला हातानं थांबवलं.

"मला दिसत न्हाई, धना," ते म्हणाले. "बराच काळ झाला. तू दारात उभा राहिलास तर तू हायस का दुसरं कोण, मला कळत न्हाई. म्हणून हाक मार."

तिकडं भात्याचा आवाज थांबला. वनितानं स्टेअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. ती समोर बघत होती, आणि मला तिच्या मानेवरची शीर तेवढी दिसत होती. तिला आता सगळं कळलं असणार, दुकानातला उजेडही.

"तात्या," धना म्हणाला, "मी उद्याच निघतो."

"येऊ नको. काम टाकून यायचं न्हाई. येशील तेव्हा हाक मार म्हणतोय नुसतं."

"मारतो."

ह्यांनी फोन वनिताच्या हातात दिला. तिनं तो घेतला आणि ह्यांचा हात सोडला नाही. "मामा," ती म्हणाली, "उद्यापास्नं औषध मी घालणार डोळ्यांत. आत्याला द्यायचं न्हाई."

"का? मी काय मिरची घालते व्हय?" मी म्हटलं.

"तुम्ही घालता घालता बोलता, मग ते डोळं उघडतात आणि थेंब गालावर जातो. मला आधी वाटायचं, मामा रडतायत."

म्हणजे तिनं थेंब बघितले होते, आणि इतके दिवस विचारलं नव्हतं. आमच्या घरात आलेली, त्यामुळं न सांगायची रीत तिनंही उचलली होती.

धना पौषात आला. पहाट होती, थंडी कडाक्याची. फाट्याकडनं येणारं पाऊल मी ऐकलं, डावा पाय जरा ओढलेला. मी उठून बसले नाही. चूल पेटवली नाही. पांघरुणात तशीच पडून राहिले, श्वाससुद्धा झोपलेल्या बाईसारखा सोडत. पलीकडच्या खाटेवर हे जागे होते, मला माहीत होतं.

पाऊल फाटकाशी थांबलं. जरा वेळ काहीच नाही. उभ्या जन्मात जे केलं नाही ते करायला पोराला धीर होत नसावा. मग गावातली कुत्री उठतील एवढ्या मोठ्यानं हाक आली. "तात्या."

खाट करकरली. हे उठून बसले, आणि मी ऐकायच्या आधी आपणच ऐकलं अशा घाईनं म्हणाले, "हौसा, ऊठ. धना आलाय."

"व्हय का?" मी म्हटलं. "मला न्हाई बाई कळलं."